अठ्ठावीस बाळांचे डोळे काढण्याबाबत

"गो पोरी, तुझ्या फोनात दोन बाळगणेश हायत. एकाचं नाव बदल, नायतर कधीतरी गल्लत करशील," असं कृष्णाबाई मला जूनमध्येच म्हणाली होती. मी हसले. मी बीएस्सी आहे, आणि कृष्णाबाई अजून फोन कानाला उलटा लावते.

माणूस निर्दोष असणे ही कायद्याच्या दृष्टीने अत्यंत नाजूक अवस्था आहे. वेळीच काळजी घेतली नाही तर ती बिघडते. माझी एका मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी बिघडली.

आधी खुलासा. मी पेणला रामवाडीत राहते आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवते. कागदोपत्री याला 'आखणी' म्हणतात. तोंडाने आम्ही सगळ्या 'डोळे काढणे' म्हणतो, आणि त्यावरून आजवर कोणी पोलिसांत गेलं नव्हतं. यंदा गुबगुबीत बाळगणेशाला मागणी फार, म्हणून रंगकाम करणाऱ्या बायकांच्या ग्रुपचं नाव 'बाळगणेश'. माझी मुलगी किमया (वय वर्षे चार) ज्या शिशुवर्गात जाते, त्याचंही नाव बाळगणेश. तिथल्या पालकांचाही ग्रुप आहे. (दोन्ही ग्रुपवर फोटो एकाच गणपतीचा. तोही माझ्याच हातचा.)

तर मी कारखान्याच्या ग्रुपवर रोजच्यासारखा हिशेबी मेसेज टाकला:

"आज अकरा बाळांचे डोळे काढून झाले. राहिलेल्या सतरांचे उद्या काढते. दोघांचे हात मोडलेत, त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय. एकाला गोणपाटात गुंडाळलंय, तो सकाळच्या टेम्पोने जाईल. कोणी हात लावू नका, अजून ओली आहेत."

तो शिशुवर्गाच्या ग्रुपवर गेला. शिशुवर्गाच्या पटावर अठ्ठावीस मुलं आहेत. अकरा आणि सतरा मिळून किती होतात हे तीन पालकांनी स्वतंत्रपणे तपासून ग्रुपवर कळवलं. उत्तर तिघांचंही बरोबर आलं. आमच्याकडचे पालक सुशिक्षित आहेत.

ग्रुपमध्ये एकूण एक्कावन्न माणसं. पैकी त्रेचाळीस जणांनी मेसेज काळजीपोटी इतरत्र पुढे पाठवला. पाच जणांनी रडका चेहरा टाकला. दोघांनी 'स्तुत्य उपक्रम' म्हणून अंगठा दाखवला. एक्कावन्नावी मी. मला फोन करून 'काय गं, हे काय?' असं विचारणाऱ्यांची संख्या शून्य. त्या वेळी सर्व मुलं आपापल्या घरी जेवून झोपली होती. त्यांना उठवून डोळे मोजण्यात आले. अठ्ठावीस मुलांचे छप्पन्न डोळे जागेवर आढळले.

चूक लक्षात येताच मी लिहिलं, "सॉरी, हा तुमच्यासाठी नव्हता. आमच्या दुसऱ्या ग्रुपसाठी होता." आणि पहिला मेसेज काढून टाकला. पहिल्या वाक्याने कबुलीजबाब झाला, दुसऱ्याने टोळीचं अस्तित्व सिद्ध झालं, आणि मेसेज काढल्याने पुरावा नष्ट झाला. एका मिनिटात इतकी प्रगती करणारे आरोपी कमी असतात, असं नंतर मला आदराने सांगण्यात आलं.

तक्रार अनिताने दिली. अनिता म्हणजे साईराजची आई. शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघी एकाच कट्ट्यावर बसतो. आपल्या मुलाचे दोन्ही डोळे शाबूत आहेत हे तिने जबाबात प्रामाणिकपणे नमूद केलं, 'परंतु ते आणखी किती दिवस राहतील याची शाश्वती नाही' असंही जोडलं. ठाण्याचं नाव मी घेत नाही (वकिलांचा सल्ला). तिथल्या हवालदारांचा तर्क मात्र दाद देण्याजोगा होता. जखमी सापडत असते तर गुन्हा साधा होता. एकही सापडत नाही, म्हणजे तो फारच सफाईने केलेला असणार.

ते कारखान्यात पंचनाम्याला आले. पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. 'घटनास्थळी अठ्ठावीस इसम बसलेल्या स्थितीत मिळून आले. पैकी अकरा इसमांस डोळे असून सतरा इसमांस नाहीत. हात प्रत्येकी चार. विचारपूस केली असता कोणीही बोलण्यास तयार नाही, सबब दहशतीखाली असावेत. शून्य नंबरचा ब्रश (टोकदार) जप्त.'

"अहो, गणपती आहेत हे," मी म्हटलं.

"ते कोर्टात सांगा ताई. आम्ही दिसलं तेवढं लिहितो."

कारखान्यातली सगळ्यात जुनी कृष्णाबाई कोपऱ्यात सोंडेला रंग देत होती. तिला राहवलं नाही. "काय रे बाबा, हिला काय धरतोस? ही कालची पोर. मी पन्नास वर्सं डोळे काढतेय. ह्या तालुक्यात माझ्या हातनं सुटलेलं एक घर नाय! तुझ्या बापाच्या घरचे पण मीच काढलेत!"

अशा रीतीने कृष्णाबाई आरोपी क्रमांक दोन झाली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मला एका गोष्टीने झोप येईना. मला आत घेतलं तर किमयाला बारा वाजता शाळेतून कोण आणणार? प्रणित, माझा नवरा, रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला असतो. सासर-माहेर दोन्ही लांब. शाळेच्या फॉर्मवर 'आई उपलब्ध नसल्यास' असा रकाना आहे, त्यात मी विश्वासाने एकच नाव लिहिलं होतं. अनिता.

म्हणून आम्ही वकील केला. प्रणित म्हणाला होता, "खरं सांगितलं की सुटेल की, वकील कशाला?" प्रणित कंपनीत यंत्रांबरोबर काम करतो. तिथे असं चालतं.

अॅडव्होकेट हैबतराव रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, पूल उतरल्यावर लगेच, मेडिकलच्या वर बसतात. त्यांचा अनुभव दांडगा. मारामारीच्या खटल्यांत त्यांच्या अशिलांनी कधीही कोणाला मारलेलं नाही. समोरचेच येऊन त्यांच्या मुठीवर आदळलेले असतात.

"खरं काय झालं ते सांगू का?" मी विचारलं.

"ते ठेवा. कुठे लागलंच तर बघू."

"पण ते गणपतीचे डोळे होते."

"व्हय, पण ते आपण म्हणायचं नाय. समोरचा नेमका त्याचीच तयारी करून येणार." त्यांनी चष्मा पुसला. "फोन चोरीला गेला होता का?"

"नाही."

"वेड वगैरे? घराण्यात कोणाला? पेणची माणसं म्हणून विचारतोय, राग मानू नका."

"नाही हो!"

"मग मुलीने टाइप केलं म्हणू. चार वर्षांची ना? सात वर्षांखाली गुन्हाच होत नाय. अशील म्हणून पोर फर्स्ट क्लास हाय."

किमया तेव्हा त्यांच्या टेबलाखाली बसून कायद्याच्या जाड पुस्तकावर हत्ती काढत होती. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. "माझ्या पोरीचं नाव एका कागदावर यायचं नाय. मी आत जाईन, पण ते नाय." भीतीने माझी पुस्तकी भाषा सुटली होती.

हैबतरावांनी पेनाला टोपण लावलं. मग निराशेने म्हणाले, "ठीक. मग नाइलाजाने खरंच सांगायला लागेल. मी आतापर्यंत दोनदाच सांगितलंय. सवय नाय, जरा सांभाळून घ्या."

अटकपूर्व जामिनाचा अर्ज अलिबागला ऐकला गेला. सरकारी बाजूने सांगण्यात आलं की आरोपी क्रमांक एक दर हंगामात सुमारे अडीच हजार डोळे काढते व त्याबद्दल तिला पश्चात्ताप नाही. (खरं आहे.) हैबतराव उठले. खरं बोलताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी पिशवीतून एक बाळगणेश काढून टेबलावर ठेवला, अकरांपैकी एक, डोळे असलेला. न्यायालयाने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही न्यायालयाकडे पाहिलं. आखणी चांगली झाली असेल तर मूर्ती कुठूनही बघणाऱ्याकडेच बघते.

जामीन मिळाला. दोघींनाही. फिर्यादी पक्षाच्या समाधानासाठी अटी घालण्यात आल्या: खटला संपेपर्यंत अर्जदारांनी कोणाचेही डोळे काढू नयेत, काढण्याची भाषा करू नये, आणि पेण तालुक्याबाहेर जाऊ नये. सतरा बाळगणेश अजून तसेच भिंतीकडे बसून आहेत. चतुर्थीला बावीस दिवस राहिलेत. किमयाला मात्र रोज बारा वाजता मीच आणते. मी फाटकाशी आले की बाकीच्या आया आपापल्या मुलांच्या डोळ्यांवर हात ठेवतात. मुलांना तो खेळ वाटतो.

या सगळ्यातून बचावाच्या व्यवस्थेबद्दल माझ्या मनात खोल आदर निर्माण झाला आहे. आरोप झाला की माणसाला तारीख मिळते, वकील मिळतो, टेबलावर काहीतरी ठेवून दाखवायची संधी मिळते. आरोपी असण्यासारखं सुरक्षित काही नाही.

हे मला परवा फार जाणवलं. प्रणितने शिफ्टवरून आल्यावर फोन पुढे केला. तो मेसेज अजून फिरतोय. आता त्यात पेण नाही, मी नाही, टेम्पोही नाही. 'रोह्यात मुलांचे डोळे काढणारी बाई, सावध राहा,' आणि खाली एका बाईचा फोटो.

"ही वरसेची चंद्रावती," प्रणित म्हणाला. "आमच्या गेटबाहेर सोललेले वाल घेऊन बसते. कोणाच्या तरी पोराला जवळून बघत होती म्हणे."

"का बघत होती?"

"तिला लांबचं दिसत नाय. गिऱ्हाईकाला पण जवळूनच बघते."

"आता कुठाय ती?"

"चार दिवस बसायला आलेली नाय."

मी हैबतरावांना फोन लावला. ते म्हणाले, तिच्यावर गुन्हा दाखल नाही, त्यामुळे तिच्यासाठी काहीच करता येत नाही. आधी कोणीतरी रीतसर तक्रार करायला हवी.

मी स्वतः गेले असते, पण वरसे रोहे तालुक्यात येतं. म्हणून तुम्हाला सांगते. त्या बाजूला असाल तर तिच्या घरी जाऊन या. दार एकदम वाजवू नका, आधी बाहेरून आपलं नाव सांगा, वाल घ्यायला आलोय म्हणा. ती आत आहे का, जेवली आहे का, एवढं बघा आणि मला कळवा.

पत्ता कोणाला विचारत बसू नका. फोटोच्या खाली दिलेला आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही काळजीपोटी पुढे पाठवलात, त्यातच बघा.