करंजवाडीचा कोरडा पावसाळा

कोंडाजीच्या अंगणात सरकारने पाऊस मोजायचं भांडं बसवलं, तेव्हा बसवणाऱ्या साहेबाने त्याच्या बायकोला, नंदाबाईला, पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "बाई, तांब्याचं आहे. पोटच्या पोरासारखं जपा!" जपायचं कशापासून, हे सांगायला मात्र त्याला सवड नव्हती. त्याला जीपमध्ये बसायची घाई! तो साहेब आज असेल तिथे त्याला सणसणीत ठसका लागो.

नंदाबाईने शब्द पाळला. पवनेच्या खोऱ्यात झड लागली की माणूस आधी इरलं शोधतो. तिने आपलं इरलं त्या भांड्यावर पांघरलं आणि स्वतः गोणपाट डोक्यावर घेऊन भाताच्या खाचरात उतरली. रोज सकाळी कुलथे नावाचा कारकून कामशेतहून मोजायला यायचा. त्याच्या सायकलची घंटी वाजली की ती इरलं काढून भांडं पदराने पुसायची. सरकारी माणसापुढे वस्तू कशी लख्ख दिसायला हवी!

कुलथे यायचा तो नखशिखान्त भिजून. पायजमा पिळायचा, कागद भिजू नये म्हणून छत्री धरायचा, ती नेमकी भांड्यावर, आत डोकवायचा आणि शून्य लिहायचा.

"आवं, समदं शिवार व्हातंय की!" कोंडाजी म्हणायचा.

"वाहू दे. माझी नोकरी भांड्यावर आहे, शिवारावर नाही."

आणि शिवार खरंच वाहून गेलं. ओढा फुटला, भाताची सगळी रोपं गेली. घरात पेरायला मूठभर बी उरलं नव्हतं. अतिवृष्टीच्या गावांना सरकार लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचं बियाणं देणार, असं कानावर आलं. ते लगेच मिळालं तर ठीक, नाहीतर वर्षभर चूल कशी पेटायची? नवराबायको चिखल तुडवत कचेरीत गेली.

तिथल्या साहेबाच्या टेबलावर छपरातून पाणी गळत होतं. त्याने पाण्याखालून कागद सरकवला.

"करंजवाडी? तुमच्याकडे पाऊसच नाही. भांडं कोरडं ठणठणीत आहे."

"कोरडं असणारच!" नंदाबाई अभिमानाने म्हणाली. "येक थेंब आत जाऊ दिला न्हाई म्या. माजं इरलं घातलंय त्याच्यावर."

साहेबाने कागदावरचं पाणी झटकलं.

"बाई, नोंद वर गेली. पुण्याला सह्या झाल्या. आता तुमचं गाव अवर्षणग्रस्त आहे. भाताचं बी मिळणार नाही, बाजरीचं मिळेल."

"बाजरी? गुडघाभर पान्यात?" कोंडाजी ओरडला. "साहेब, तुमी जरा खिडकीतून भाईर तरी बगा!"

साहेबाने खिडकी लावून घेतली.

बाजरीच्या गोण्या घेऊन ट्रक आला तो गावाबाहेर चिखलात रुतला. अख्ख्या गावाने ढकलून तो बाहेर काढला. गोण्या उतरवताना कोंडाजी सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. शेवटी त्याने त्या तशाच कामशेतच्या बाजारात नेल्या. घोडनदीकडच्या कोरड्या मुलखातला एक व्यापारी बाजरीच्या बियाण्यासाठी हिंडत होता. त्याने बदल्यात भाताचं बी दिलं. पेरणी झाली, लावणी झाली, भात तरारलं.

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याचे मोठे साहेब कुलथ्याला बरोबर घेऊन अवर्षणग्रस्त गावं बघायला आले. करंजवाडीच्या बांधावर ते थबकले. समोर कमरेएवढं भात लोंब्यांनी वाकलं होतं.

"नोंदीप्रमाणे इथे थेंबभर पाऊस नाही," ते म्हणाले. "मग एवढ्या भाताला पाणी कुठून आणलंत?"

कुलथे आभाळाकडे बघू लागला. कोंडाजी तोंड उघडणार, तोच नंदाबाई कमरेला पदर खोचून पुढे आली. सबंध पावसाळ्याचा संताप तिच्या तोंडाशी आला होता.

"रडलो, साहेब! समदं गाव बांदावर बसून रडलो, तवा भिजलं शेत."

मोठे साहेब गहिवरले.

"लिहून घ्या, कुलथे," ते म्हणाले. "श्रमदान."