अण्णांचा हुकूम

आमच्या समोरचे अण्णा कॉम्प्युटरच्या माऊसला हात लावत नाहीत. त्यांनी तो धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलाय, बाळंतविड्यासारखा.

"बोट दाखवून मागायचं ते बोलता न येणाऱ्या लेकरानं," ते म्हणतात. "आपल्याला अक्षर येतंय न्हवं? मग हुकूम द्यायचा."

हुकूम म्हणजे काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. पडदा झोपवायचा तरी हुकूम, उठवायचा तरी हुकूम. भाजीवालीपुढेही तेच. पाटीसमोर ताठ उभे राहून म्हणणार, "मेथी. एक पेंढी. कोवळी. दे."

ती म्हणते, "समोरच हाय की ओ अण्णा, घ्या उचलून." अण्णा हलत नाहीत. शेवटी तीच वैतागून पिशवीत घालते.

अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, कॉम्प्युटरपुढे. मूळचे गडहिंग्लजकडचे. बायको होती तोवर घरात कानडी ऐकू यायची, आता काहीच येत नाही. ती गेल्यापासून अण्णा कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. सणाला बोलवावं तर "येतो की अक्का" म्हणायचं आणि यायचं नाही. काय बोलायचं ते खिडकीतून. आमची गल्ली अशी की त्यांनी फोडणी दिली की मला शिंक येते, त्यामुळे अडत काही नाही.

आता आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं सांगते. त्यांना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग माणसं. राहिलं फक्त शिरोळचं शेत. ते आता पुतण्या कसतो, पण दिवे लागले की मालक चपला घालून निघायचे. "पाण्याची पाळी हाय." एकदा पार रंकाळ्यापर्यंत गेले, एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. देव त्याचं भलं करो. मग मी दाराला कुलूप घालायला लागले आणि हे आतून दार बडवायला लागले. ज्या माणसाने जन्मात माझ्यावर आवाज चढवला नाही, त्याचं ते बडवणं मला ऐकवत नव्हतं.

ते अण्णांनाही ऐकू जात असणार. एके दिवशी हा गल्ली न सोडणारा माणूस एसटीने शिरोळला गेला आणि आमच्या शेताचे फोटो काढून आला. पाट, बांध, उसाच्या सरीतनं पळणारं पाणी. मग एक जुना कॉम्प्युटर आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवला, आत कुठे मांडायचा ते बाहेरूनच सांगितलं आणि त्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीत वायर ओढली. कुणी हात लावला नाही की पडद्यावर चित्रं फिरतात ना, स्क्रीनसेव्हर म्हणतात त्याला, त्यात हे फोटो. मालक कळा दाबायचे आणि पाणी गायब व्हायचं, म्हणून अण्णांनी आमचा कीबोर्डच मागून नेला. चित्रं चालू करायचा हुकूम त्यांच्या घरातून, वायरीतनं.

मी त्या वायरीवर टॉवेल वाळत घातला तेव्हा मात्र ओरडले. "अक्का, माझा हुकूम जातोय त्यातनं. भिजवू नगा."

दिवेलागणीला खिडकीतून हाळी यायची, "दाजी, पाणी सोडू काय?"

मालक म्हणायचे, "सोड."

आणि आमच्या बाहेरच्या सोप्यात शेत भिजायला लागायचं. मालक खुर्चीत टेकून बघत राहायचे. चपला दाराशी तशाच. त्या वेळात मी भाकरी थापून घ्यायची. किती दिवसांनी मी शांतपणे भाकरी थापत होते, हे कुणाला सांगून कळायचं नाही.

मग पुण्याहून लेक आली, सुषमा. तिचं कामच कॉम्प्युटरवर. म्हणाली, "आई, रोज त्यांना कशाला त्रास? वेळ लावून देते, आपोआप चालू होईल."

अण्णांना खिडकीतून विचारलं. "ठाऊक हाय मला, हुतंय तसं," म्हणाले. "करा की. सोयीचं हाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाणी अगदी वेळेवर आलं. मालकांनी बघितलं आणि ताडकन उठले. "कुणी सोडलं पाणी? मला इचारलं न्हाय कुणी."

आमच्या शेतावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, बांधावरून हाळी घालतो. शेतवाल्याने होकार दिला की मगच पाणी आत घेतात. न विचारता आलेलं पाणी म्हणजे दुसऱ्याची पाळी मोडून आलेलं. त्यातनं भावाभावांत डोकी फुटतात. सुषमाला हे कुठून माहीत असणार, आणि मला तरी कुठे सुचलं. मालकांनी चपला घातल्या, कडी काढली. लेकीने हात धरला तर हिसडून टाकला. मी खिडकीकडे धावले.

समोर दिवा नव्हता. अंधारातच अण्णा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, रोजच्या जागी. मी काही बोलायच्या आत खिडकी रिकामी झाली आणि अण्णा आमच्या दारात आले. उंबरा ओलांडून आत.

"दाजी," ते म्हणाले, "पाणी मी सोडलंय. पाळी आपलीच हाय. सांगायचं राहिलं, चुकलं माझं."

मालकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग चपला काढल्या. "बस," म्हणाले. "चा घे."

मी चहा ठेवला. अण्णांना साखर वर्ज्य आहे, पण गडबडीत मी विसरले आणि त्यांनी तसाच घेतला. दोघं शेजारी बसून पडद्यावरच्या सरीतलं पाणी बघत होते. सुषमा आत येऊन हळूच म्हणाली, "आई, ते आपोआपचं काढून टाकते मी."

कप रिकामा करून मालक अण्णांकडे वळले. "उद्या बी तूच ये. दुसऱ्या कुणाला धाडू नगंस."

अण्णांनी कप खाली ठेवला. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आणि बायको गेल्यावर, उद्या ये असं त्यांना कोण म्हणालं असेल?

"व्हय दाजी," ते म्हणाले. "मीच येतो."