ओहायोच्या शेजाऱ्याचा चौकशी अहवाल

यादोराव काकाजींनी आयुष्यात कधी बंदूक उचललेली नाही. पण अमेरिकेच्या कोणत्या राज्यात परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. तुमसरच्या भाजीबाजारात वांगी निवडता निवडता ते सांगतात, "टेक्सासात चालते. न्यू जर्सीत बिलकुल चालत नाही." भाजीवालीही मान डोलावते. आता तिलाही पाठ झालं असेल.

काकाजी माझे शेजारी. भंडाऱ्याच्या कचेरीत बंदूक परवान्यांच्या टेबलावर त्यांची नोकरी झाली. रानडुकरं धान लोळवतात म्हणून शेतकरी परवाना मागायला येत. काकाजी सातबारा बघत, पोलिसांचा अहवाल बघत, डॉक्टरचा दाखला बघत आणि 'कारण' हा रकाना दोनदा वाचत. तिथे नुसतं 'डुक्कर' लिहिलेलं असलं की अर्ज परत. किती डुकरं, धानाच्या शेतात कोणत्या बांधीत, कधी येतात, सगळं हवं. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मी एकदा त्यांच्याकडे शिडी मागितली.

"कारण?"

"पंखा पुसायचा आहे."

"मंजूर."

काकी गेल्यापासून ते एकटेच राहतात. मुलगी ज्योती अमेरिकेत. जावयाची बदली झाली आणि ती न्यू जर्सीहून ओहायोला गेली, तेव्हापासून काकाजींची झोप उडाली. एका सकाळी वही घेऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, आपल्याइथं साऱ्या देशाले एकच कायदा. तिथं राज्य बदललं का कायदा बदलते! समजा, तुमसरहून बालाघाटले जाता जाता कायदा बदलला, तं यष्टीत बसलेल्या माणसानं काय करावं?"

"उतरावं," मी म्हटलं.

"मजाक नोका करू. ओहायोत एकवीस वर्षं पुरी झाली, गुन्ह्याचा डाग नसला, का झालं. परवाना नाही, अहवाल नाही, काही नाही!"

"पण दुकानात घेताना तपासतात म्हणे."

"घेणं येगळं, बाळगणं येगळं!" काकाजी असे काही ओरडले की आमची मांजर ओट्यावरून उतरून गेली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ज्योती राहत होती ते भाड्याचं घर मालक विकायला निघाला होता. तिला ते घ्यायचं होतं. "बाबा हो म्हटल्याशिवाय घेणार नाही," असं तिनं सांगून ठेवलं होतं आणि बाबांच्या तोंडून हो निघत नव्हतं. महिना होत आला. घरमालक थांबायला तयार नव्हता. फोनवर ज्योती रडवेली व्हायची आणि काकाजी तिला कलमं वाचून दाखवायचे. मला दोघांचंही वाईट वाटायचं.

शेवटी काकाजींनी त्यांना येत होतं ते केलं. फूटपट्टीनं रेघा मारून शेजाऱ्याच्या चौकशीचा नमुना तयार केला. पूर्ण नाव, वय, हत्यार आहे काय, असल्यास कारण, रानटी जनावरांचा उपद्रव. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. मी ते मुकाट्यानं करून ज्योतीला पाठवलं आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली.

चार दिवसांनी भरलेल्या कागदाचा फोटो आला! ज्योतीच्या शेजारचा म्हातारा भला निघाला. त्यानं एकही रकाना सोडला नव्हता. मी काकाजींना वाचून दाखवू लागलो.

"हत्यार, एक पिस्तूल. घरातच असतं, बाहेर नेत नाही. उपद्रव, हरणं टोमॅटो खातात."

"बराबर आहे," काकाजी म्हणाले. "कारण?"

"बायको गेल्यापासून घर फार शांत असतं. भीती वाटते."

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कारण कसं लिहावं यावर ते काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. पण ते म्हणाले, "ज्योतीले कळवा, घर घ्या म्हणा. शेजारी चांगला आहे."

मी लिहू लागलो, तशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आणखी एक लिहा. त्याले रविवारी जेवाले बोलावत जा म्हणा. बाकीचे दिवस निघून जातेत, मास्तर. एकट्या माणसाले रविवार सरत नाही."

मी लिहिलं, पाठवलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. इतकी वर्षं मधे एकच भिंत, आणि आम्हाला हे कधी सुचलं नव्हतं. मला लाज वाटली. तसाच उलट्या पावली त्यांच्या दारात गेलो.

"काकाजी, या रविवारी आमच्याकडे जेवायला."

"कायले तरास घेता?" ते म्हणाले.

जेवण एक वाजता होतं. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून दहालाच येऊन बसले.