अंगणातली दुपार

वाळवंटातल्या आमच्या खाण-वसाहतीत प्रत्येक क्वार्टरला एक दुपार नेमून दिलेली आहे. ती दहाच्या सुमारास येते, अंगणात आडवी होते आणि पाचला उठून जाते. तिच्यासाठी अंगण मोकळं ठेवायचं आणि ती असेपर्यंत दारं-खिडक्या लावून आत बसायचं, असा नियम आहे. नियम कोणी केला हे विचारायची पद्धत नाही.

इथे जिप्सम निघतं. आमचे हे खाणीत रात्रपाळीचे फोरमन, म्हणून नाशिक सोडून आम्ही इथे आलो. आल्याबरोबर मी मोगरा लावला, तर दुपारने त्याच्यावर अंग टाकलं. शेवंतीची सहा रोपं लावली, तीही तिच्या पाठीखाली गेली. तुळस तेवढी मी वेळेवर उचलून स्वयंपाकघरात आणली.

"अगं, इथे काही येत नाही," हे म्हणाले.

"मी प्लास्टिकचा गुलाब ठेवला होता," शेजारच्या निमकरवहिनी म्हणाल्या. "तोसुद्धा वितळला."

या 'येत नाही'चा मला राग यायला लागला. येत नाही म्हणजे काय? विंचू येतात, काटे येतात, वसाहतीचे सेक्रेटरी येतात. मग फुलांनीच काय घोडं मारलंय?

पुढच्या खेपेला माहेराहून येताना मी जेवणाच्या डब्यात चिनी गुलाबाच्या फांद्या घालून आणल्या. आमच्याकडे याला ऑफिस टाइम म्हणतात, कारण ऊन चढलं की ते उमलतं आणि ऊन उतरलं की मिटतं. वाळूत थोडी माती कालवून मी बोटाएवढे तुकडे अंगणभर खोचले. मूळ धरेपर्यंत तांदळाचं धुवण शिंपडलं आणि दुपार यायच्या वेळेला वर टोपल्या उपड्या घातल्या. नंतर टोपल्या काढल्या आणि पाण्याचा हातही आखडला, कारण याचे लाड केले तर ते कुजतं. पानं बारीक पण गराची असतात. आपलं पाणी ती आपणच साठवून ठेवतात.

दुपार त्यांच्यावरही आडवी झाली. पण जे मुळातच जमिनीला धरून पसरतं, त्याला ती आणखी पाडणार कुठे? पावसाचं नाव नसताना माझी हिरवी चटई कुंपणापर्यंत पोचली आणि कळ्यांनी भरली. मग एके दिवशी दुपार आली, आडवी झाली आणि झटक्यात उठून बसली. खालची जमीन गार झाली होती. कळ्या उमलायच्या आतच ती कुंपण ओलांडून निमकरांच्या अंगणात गेली. तिथे त्यांची स्वतःची दुपार होतीच. दोन दुपारी शेजारी शेजारी झोपल्यामुळे निमकरांच्या टाकीतल्या पाण्याला उकळी फुटली आणि बरणीतले पापड न तळताच फुलले.

त्या संध्याकाळी सेक्रेटरी चौबळ आले. अर्थात पाचनंतर. त्याआधी कोणीच बाहेर पडत नाही.

"वहिनी, तुमच्या दुपारची तक्रार आहे. पाठीला गार लागतं म्हणतात."

"मग त्यांना उभं राहायला सांगा."

चौबळांनी यावर गंभीरपणे विचार केला. "उभ्या दुपारची तरतूद नाही," ते म्हणाले. "तुम्ही सोमवारपर्यंत अंगण साफ करा. नाहीतर तुमच्या क्वार्टरची दुपार आम्हाला बंद करावी लागेल."

"खुशाल करा," मी म्हणाले.

"अगं, जरा विचार कर," हे आतून म्हणाले.

"केलाय. सात रोपं तिच्याखाली गेली तेव्हाच केलाय."

सोमवारी आमची दुपार बंद झाली. दहाला सकाळ संपली की लगेच आमच्या अंगणात तिन्हीसांज व्हायची. सगळी वसाहत दारं लावून घामाघूम होत होती आणि आम्ही व्हरांड्यात गार वाऱ्यात चहा पीत होतो. निमकरवहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलं. ह्यांना तर ही शिक्षा फारच मानवली.

पण फुलं उमलेनात. ऊनच नाही तर ती उमलणार कशाला? कळ्या यायच्या, वाट पाहायच्या आणि मिटल्या मिटल्याच गळून पडायच्या. एकही फूल मी अजून पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. रागाने आलं, पण आलं खरं.

चौबळांना हे कळलंच. ते गड्याला घेऊन आले. गड्याच्या हातात कुदळ होती.

"आता आग्रह सोडा, वहिनी. अंगण साफ केलं की उद्यापासून दुपार चालू."

"आणि फुलं?"

"फुलं तशीही उमलत नाहीयेत."

"नाहीत तर नाहीत. मिटलेली तर मिटलेली, पण माझ्या अंगणात राहतील," मी म्हणाले आणि फाटकात उभी राहिले. "कुदळ चालवायची तर आधी माझ्या पायावर चालवा."

पायाबद्दल नियम काय म्हणतो ते पाहून येतो, असं सांगून चौबळ गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला दुपार फाटकाशी येऊन उभी राहिली. काम सुटल्यापासून ती वसाहतीबाहेर बाभळीखाली बसून असते, असं ऐकलं होतं. जरा उतरलेली दिसत होती.

"येऊ का?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही बंद आहात ना?"

"आहे. तुझी फुलं उमलली का, ते बघायला आले."

"तुमच्यावाचून उमलत नाहीत ती."

दुपारने वाकून कळ्या न्याहाळल्या. "मी आले की सगळे दारं लावून घेतात," ती म्हणाली. "मला बघून उघडणारंही काही असतं, हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर पाठ टेकण्याआधी खाली बघितलं असतं."

मला तिची दया आली. पण मोगरा मी विसरले नव्हते.

"आडवं व्हायचं नाही," मी म्हणाले.

"नाही होणार."

"पायरीवर बसायचं. मी सरकते."

ती येऊन बसली. मी डोक्यावर पदर घेतला आणि दार सताड उघडं ठेवलं. अंगणात आधी एक कळी सुटली, मग सगळंच अंगण उघडलं. गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी फुलं कुंपणापर्यंत पसरली होती. आम्ही दोघी बघत बसलो.

कोणीतरी खिडकीच्या फटीतून पाहून चौबळांना कळवलं. तेव्हापासून ते रोज पाहणीला येतात, पाचनंतर. तोवर फुलं मिटलेली असतात आणि दुपार निघून गेलेली असते. दुपार बंद, फुलं मिटलेली, सगळं नियमाप्रमाणे. ते चहा पिऊन परत जातात.

काल भर दुपारी निमकरवहिनींची खिडकी बोटभर किलकिली झाली.

"अहो, एखादी फांदी द्याल का?" आतून आवाज आला.

"देईन की. बाहेर येऊन घ्या," मी म्हणाले.

त्यांच्या अंगणात त्यांची दुपार ऐसपैस पसरली होती. मग दाराची कडी वाजली, तशी तिने मान वर करून दाराकडे पाहिलं आणि पाय जवळ घेतले.