याकोबभाऊंचा ओटीपी

याकोबभाऊंच्या मोबाईलवर ओटीपी आला की आमच्या अख्ख्या गल्लीला तो पाठ होतो.

"बावन्न, अडतीस, एकोणऐंशी." ओट्यावर उभं राहून, फोन स्पीकरवर टाकून भाऊ ओरडतात. पलीकडे त्यांची लेक रूथ आयर्लंडमध्ये असते, पण भाऊंचा मोबाईलपेक्षा स्वतःच्या घशावर जास्त भरवसा. जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. श्रीरामपूरच्या स्टँडवर "नेवासा, सोनई, नगर" करत कमावलेला आवाज निवृत्तीनंतर वाया कसा घालवायचा?

"पप्पा, एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?"

"ऐंशीला एक कमी. तिकडं जाऊन पाढे इसरलीस व्हय?"

एवढ्यात ओटीपीची मुदत संपते. भाऊ माझ्याकडे बघून मान हलवतात. "गेली गाडी, वहिनी. आता दुसरीची वाट बगा."

रूथची आई ती लहान असतानाच गेली. भाऊंनी एकट्यानं पोरीला वाढवलं, वेण्यासुद्धा घातल्या. त्या दोन्ही एका उंचीवर कधी आल्या नाहीत, ते सोडा. पोरगी नर्स झाली, नगरला नोकरी केली आणि मग आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली. तिथं खातं उघडेपर्यंत चालवायला म्हणून इथूनच युरो भरलेलं कार्ड काढलं. अर्ज भाऊंनी भरला आणि मोबाईल नंबराच्या रकान्यात आपलाच नंबर घातला.

"तिचा नंबर तिकडं गेल्याव बदलनार. माझा कशाला बदलतोय?"

तर्क बिनतोड होता. परिणाम एवढाच झाला, की रूथनं तिकडे साधी उशी मागवायची तरी परवानगी श्रीरामपूरहून.

ती निघण्याआधी भाऊंनी आमच्या ओट्यावर तिकडे खातं उघडायची तालीम ठेवली. बँकेची बाई मी. कारण गल्लीत परदेशी राहून आलेली मी एकटीच.

आता माझं परदेशातलं कर्तृत्व ऐका. लग्नानंतर मस्कतला गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अकलेनं त्याहून बरीच लहान. पहिल्याच आठवड्यात एका दुकानात साडीवरची चिठ्ठी वाचली: बारा. मला वाटलं, दुकानदाराचं डोकं फिरलंय, त्याला कळायच्या आत आपण उरकून घ्यावं. तीन साड्या उचलल्या. वर घासाघीस करून बाराचे अकरा केले आणि गड जिंकल्यासारखी घरी आले. ह्यांनी साड्या बघितल्या आणि फार हळू विचारलं, "अकरा काय?" रियाल हे तिथलं नाणं रुपयाची बहीण नसून सासू आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा महिना आम्ही वरणभातावर काढला. मी मात्र तो रोज नवी साडी नेसून वाढत होते. माझी नातवंडं अजून काही महागडं मागायचं असलं की आधी म्हणतात, "आजी, अकरा काय?"

तर अशी मी बँकेत बसले. रूथ आली. "खातं उघडायचंय."

"राहतेस कुठं?"

"घर बघतेय."

"मग आधी घराचा कागद आण."

समोरच्या ओट्यावर भाऊ घरमालक होऊन बसलेले. ते म्हणाले, "आदी खात्याचा नंबर दाव." रूथ या ओट्यावरून त्या ओट्यावर फेऱ्या मारून दमली आणि मधेच रस्त्यात बसून हसायला लागली.

"दात काडू नको," भाऊ म्हणाले. "घर न्हाई म्हनून खातं न्हाई, खातं न्हाई म्हनून घर न्हाई. भरल्या गाडीत चढायचं कसं, ते शिक."

"कसं?"

"एक पाय पायरीव ठिवायचा आन् कुनी काय बी म्हनलं तरी उतरायचं न्हाई."

तिकडे तस्संच झालं. रूथ पाय रोवून उभी राहिली, हॉस्पिटलाकडून बँकेसाठी पत्त्याचं पत्र मिळवायच्या मागे लागली. तोवर सगळा खर्च कार्डावर, आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज भाऊंना. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार. बाराच्या सुमाराला मोबाईल टिंग करायचा आणि भाऊ ओट्यावरून वार्तापत्र वाचायचे.

"पाव घेतला. म्हंजे डुटीला निगाली."

"टॅक्सीला पैसं गेलं. बस चुकली आसंल."

एक दिवस पडक्या आवाजात, "वहिनी, औषदाच्या दुकानात गेल्ती." त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. संध्याकाळी फोन झाला, तर पोरीनं डोक्याला लावायचं तेल घेतलेलं.

आणि दुसरीकडे "खातं उघाडलं का" हा रोजचा धोशा. पाळकसाहेबांना गाठून त्यांनी रविवारच्या प्रार्थनेतही विनंती घातली. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले आणि रूथचं बँक खातं, सगळ्यांसाठी चर्चमध्ये एकदमच प्रार्थना झाली.

प्रार्थना ऐकली गेली. पत्र मिळालं, खातं उघडलं, पहिला पगारही जमा झाला. भाऊंनी गल्लीभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल गप्प. भाऊ ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. "रेंज न्हाई वाटतं."

मी घरातून त्यांना फोन लावला. तो खणखणीत वाजला. त्यांनी मोबाईल बंद करून चालू केला, पदरचं काहीतरी हरवल्यासारखा उलटसुलट करून पाहिला, आणि मग त्यांना उमगलं. पोरगी आता आपल्या खात्यातून पाव घेत होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "सोताच्या पायाव उभी ऱ्हायली." आणि आत जाऊन बसले. आठवडाभर गल्लीत आवाज म्हणून नाही. रूथचा फोन रविवारी यायचा, त्यात "झ्याक हाय" एवढंच बोलायचे.

मग मीच रूथला फोन केला. "त्या जुन्या कार्डात काही उरलंय का गं?"

"आहेत थोडे, काकू. पप्पांना परत पाठवू का?"

"काही परत पाठवू नकोस. सकाळचा पाव त्याच कार्डावर घेत जा."

पोरगी म्हणाली, "मला सुचायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बाराला टिंग झालं. भाऊ ओट्यावर आले.

"बगा वहिनी, पगार सुरू झाला तरी पाव बापाच्याच पैशानं खाती. लाज हाय का या पोरीला?"

हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. ऐकवलंच होतं. मग त्यांनी सदरा चढवला आणि सायकल काढली.

"आता उन्हाचं कुठं?"

"कार्डात पैसं भराया. मदीच संपलं तर उपाशी ऱ्हाईल ती."

पगारदार नर्स आयर्लंडमध्ये उपाशी राहील म्हणून भाऊ भर दुपारी निघाले होते. मी फक्त टोपी घालून जा म्हटलं.