‘फुल’वाली पाटी

“पाटीचं माझ्यावर सोड. मॅडम जन्मात विसरणार नाहीत!” विलासने असं छातीठोकपणे सांगितलं, तेव्हाच छायाने सावध व्हायला हवं होतं. पण दुबईतल्या तिच्या शाळेच्या प्रिन्सिपल यम्ना मॅडम रिटायर होत होत्या, निरोपसमारंभ छायाच्या गळ्यात पडला होता आणि नवऱ्याचं, विलासचं, तर इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीत पाट्या बनवायचंच वर्कशॉप होतं. शिवाय सुपरवायझरच्या जागेसाठी जाता जाता मॅडम कोणाचं नाव सुचवतात, याकडे छायाचे डोळे लागले होते.

अडचण एकच. विलासला हल्ली इंग्रजी शब्दांच्या जुन्या अर्थांचं खूळ लागलं होतं. पोळीचा घास हातात धरून तो दहा दहा मिनिटं शब्दांचे पूर्वज सांगायचा! छायाने तीनदा विचारलं, “मजकूर काय लिहिलायस?” तिन्ही वेळा उत्तर एकच, “सरप्राइज!”

समारंभात पाटी थेट स्टेजवरच आली. मॅडमनी मखमली कापड ओढलं. तीन फुटी पाटीवर सोनेरी इंग्रजी अक्षरं झळकली, ‘आमच्या ऑफुल, पिटिफुल आणि आर्टफुल मॅडमना!’

मुलं खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसायला लागली! आठवीतली ईशानी, छायाची लेक, पहिल्या रांगेतून किंचाळली, “ओ माय गॉड, मम्मा! डॅड कॉल्ड हर पथेटिक!”

“विलास! हे काय केलंस?” छायाने त्याला स्टेजजवळच गाठलं.

“काय म्हणजे? तिन्ही शब्दांत ‘फुल’, वाचायला कसं लयीत! ऑफुल म्हणजे जिच्यापुढे मान झुकावी अशी. पिटिफुल म्हणजे दयाळू. आर्टफुल म्हणजे कलानिपुण!”

“कधी?”

“तीन-चारशे वर्षांपूर्वी.”

“मॅडम आज रिटायर होतायत! आज त्या शब्दांचे अर्थ भिकार, केविलवाणी आणि कावेबाज!”

“थांब, समजावतो सगळ्यांना,” म्हणत विलासने माइक हिसकावला. “डिअर चिल्ड्रन, बिलीव्ह मी, मॅडम इज रिअली ऑफुल!”

हॉल कोसळायचाच बाकी राहिला. त्यात एका सरांनी मागच्या पालकांसाठी पाटीचं अरबीत भाषांतर सुरू केलं. तेही आजच्या अर्थाने! छायाला वाटलं, सुपरवायझरची जागा खलास. आता आहे ती नोकरी टिकली तरी पुष्कळ.

यम्ना मॅडम उठल्या. माइक त्यांनी अलगद काढून घेतला. “यल्ला, चला, बसा सगळे. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. हे जुने अर्थ मला माहीत आहेत. पाटी माझ्या घरी लागणार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. समारंभ संपल्यावर मॅडमनी छायाच्या हातात शिफारसपत्र ठेवलं आणि विलासकडे बघून त्या गोड हसल्या. “छाया, युवर हजबंड इज व्हेरी नाइस.”

पार्किंगमध्ये छाया तरंगतच पोचली. “केवढं मोठं मन! तुला नाइस म्हणाल्या!”

विलासचा चेहरा मात्र पार उतरला होता.

“आता काय झालं?”

“नाइस...” त्याने गाडीचं दार उघडलं. “नाइसचा जुना अर्थ मूर्ख.”

छायाने शांतपणे सीटबेल्ट लावला. “हा एक अर्थ मात्र अजून चालू आहे.”