अर्धा मैल आत, शून्य हल्ले

ड्यूगल पॅस्कोला शार्कने खाल्लं नाही. हे आधीच सांगून टाकतो, आणि आता मी काही बोललोच नाही असं धरून चालू या.

तर ड्यूगल हा गॅनेट उपसागराच्या जीवरक्षक क्लबाचा चिटणीस. नववर्षाची पोहण्याची शर्यत त्याच्या बापाने सुरू केलेली. यंदा पंधरा जण पाण्यात उतरले नाहीत, तर नगरपालिका ती कायमची बंद करणार होती! आणि नेमका नाताळातच धक्क्यापाशी मोठा पांढरा शार्क दिसला. नावं आली सहा. त्यातली दोन चिडवायला दिलेली.

ड्यूगलने फळा मागवला.

"मंडळी, शंभर वर्षांत आपल्याकडे हल्ले किती? तीन! तिन्ही किनाऱ्यापासून तीस पावलांच्या आत. समुद्रात अर्धा मैल आत? शून्य! म्हणून यंदा शर्यत अर्धा मैल आत!"

"अरे शहाण्या," क्लबाची कप्तान मर्टल म्हणाली, "तिथे शंभर वर्षांत पोहलंय कोण?"

"आकड्यांशी वाद घालू नकोस, मर्टल. गेल्या वर्षी आपल्या सॉसेज-कांद्याच्या तव्याने सात जण भाजले. शार्कने? एकही नाही! म्हणजे तवा सातपट भयंकर!"

"मग पुढच्या वर्षी कांदा शार्ककडूनच परतून घे!"

लोक हसले. पण फळ्यावर आकडा दिसला की माणूस मऊ पडतोच. एक तारखेला सकाळी चौदा जण हजर! ड्यूगलने तीनदा मोजले. तिन्ही वेळा चौदाच. मग चौदा जणांनी मिळून त्याच्याकडे पाहिलं.

"पंधरावा तूच, चिटणीससाहेब," मर्टल म्हणाली. "शून्य हल्ले ना?"

आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मर्टलने रबरी बोटीतून दोन खेपांत सगळ्यांना अर्धा मैल आत नेऊन सोडलं. चौदा जण सपासप पुढे गेले. ड्यूगल जागच्या जागी पुढे जात राहिला. इतक्यात किनाऱ्यावरचा भोंगा कोकलला! त्या गावात भोंग्याला एकच अर्थ. मर्टलने पुढच्यांना बटाट्याच्या पोत्यांसारखं बोटीत ओढायला घेतलं. ड्यूगल राहिला शंभर हात मागे.

आणि तो आला.

आधी नाक आलं. मग पाठ आली. मग पाठच येत राहिली. ड्यूगलच्या पायांखालून एक अख्खी गल्ली सरकत होती, आवाज न करता, आणि तिच्यावर ऊन थरथरत होतं. एक काळाभोर डोळा वर वळला, त्याने ड्यूगलला पाहिलं, आणि सोडून दिलं. ढगाने चिमणीला सोडून द्यावं तसं. शंभर वर्षं, तीस पावलं, सात जण, ड्यूगल सगळं विसरला. हात हलवायचंही विसरला. शेवटी शेपूट एकदाच हललं आणि समुद्र पुन्हा नुसता समुद्र झाला.

"मेलास की आहेस रे?" मर्टलने त्याला दंडाला धरून वर ओढलं.

"मर्टल," तो पुटपुटला, "तो संपतच नव्हता गं!"

शर्यत वाचली. पंधरा जणांनी उतरावं एवढाच नियम होता, पोहत परत येण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं! ड्यूगलने मात्र त्याच दुपारी मत्स्य विभागाला अर्ज धाडला:

'महोदय, आपल्या नोंदवहीत शार्कने केलेल्या हल्ल्यांना रकाना आहे, न केलेल्या हल्ल्यांना नाही. सबब तसा रकाना उघडून पहिल्या क्रमांकावर माझी नोंद घ्यावी. खातरजमेसाठी दुसऱ्या पक्षाचा जबाब आपल्या अधिकाऱ्याने समक्ष जाऊन घ्यावा, ही विनंती. ठिकाण, अर्धा मैल आत. काळजी नसावी. तिथे आजवर एकही हल्ला झालेला नाही.'